सिंहासनाखालचा श्रोता

एखाद्या वयोवृद्ध गवयाला सहज विचारून पाहावे, "बुवा, जन्मात विसरता येणार नाही अशी मैफल कोणती?" आपली अपेक्षा असते की बुवा आता आपल्याच एखाद्या रंगलेल्या बैठकीचे वर्णन करतील, कोणत्या दरबारात शालजोडी मिळाली, कोणत्या गावी पहाटेपर्यंत कोणी जागचे उठले नाही, ते सांगतील. पण गवई अस्सल असेल तर तो क्षणभर डोळे मिटतो, कानाच्या पाळीला बोट लावतो आणि दुसऱ्याच कोणाचे नाव घेतो. त्याच्या मनात घर करून राहिलेली मैफल त्याने गायलेली नसते. त्याने ऐकलेली असते.

आपल्या गायक-वादकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी चाळल्या तरी हेच दिसते. गोविंदराव टेंबे ह्यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ साली निघाले. त्यात भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ ह्यांच्या गाण्याविषयी लिहिताना लेखणी कशी भरभरून वाहते! बी. आर. देवधरांनी तर 'थोर संगीतकार' ह्या नावाने इतरांच्याच गुणांची पोथी मांडली. स्वतः गाणारा-वाजवणारा माणूस हा आधी ऐकणारा असतो, हे ही मंडळी न सांगता सांगून जातात.

ह्या ऐकण्याची आपल्या देशातली सर्वांत नामांकित गोष्ट ज्या गावाशी जोडलेली आहे, ते गाव छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, जेमतेम पंधरा किलोमीटरांवर आहे. दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे तिथे जातात. मुले धावत पुढे जातात, अंधेरीत शिरून एकमेकांना हाका मारतात. वडीलधारी मंडळी अर्ध्या वाटेत बसकण मारून खंदकाची खोली न्याहाळतात. हा देवगिरीचा किल्ला, नंतरचा दौलताबाद. तोफा, तट, खंदक सारे दाखवतात. पण इथे एके काळी गाणे नांदत होते, हे दाखवायला एक दगडही शिल्लक नाही. गाण्याचा अवशेष दगडात राहत नाही, तो कानात राहतो.

यादव राजा सिंघण हा इ. स. १२१० ते १२४७ च्या सुमारास राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आला. बाप सोढल यादवांच्या दरबारी मोठ्या अधिकारावर चढला. शार्ङ्गदेव पेशाने हिशेबाच्या कारभारातला, वैद्यकही जाणणारा. पण त्याचे नाव आज घेतले जाते ते 'संगीतरत्नाकर' ह्या सात अध्यायांच्या ग्रंथामुळे. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये, नृत्य असे काहीच त्याने सोडलेले नाही. २६४ रागांची तो गणती करतो.

पण आपल्या कामाचे आहे ते त्याचे 'प्रकीर्णक' प्रकरण. तिथे त्याने गवयाचे पंचवीस दोष मोजले आहेत. कोणी दात आवळून गातो, कोणी भीतभीत. कोणाचा आवाज कावळ्यासारखा, कोणी उंटासारखी मान वर काढतो. कोणी तोंड भलतेच वासतो, कोणी डोळे गच्च मिटून घेतो, कोणी नाकात गातो, कोणाचे लक्षच ठिकाणावर नसते. हे वाचताना हसू येते आणि मग एकदम ध्यानात येते की ही यादी पोथीवरून पोथी उतरून झालेली नसावी. पंचवीस दोष वेगवेगळे ओळखायला कित्येक मैफलींत मुकाट बसून राहावे लागते. शास्त्रकारामागे इथे एक चोखंदळ श्रोता बसलेला आहे.

त्याच प्रकरणात तो गवयांचे पाच प्रकार सांगतो: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. चोख शिकवतो तो शिक्षाकार. दुसऱ्याची ढब हुबेहूब उचलतो तो अनुकार. रसात स्वतः बुडतो तो रसिक. ऐकणाऱ्याला रिझवतो तो रंजक. आणि गीतालाच आणखी झळाळी आणतो तो भावक. ह्यातला 'अनुकार' हा शब्द वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

शार्ङ्गदेवानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवराय यादवाचे वैभव लुटले गेले. पुढे १३०७-०८ च्या सुमारास मलिक काफूरची स्वारी झाली आणि राजाला दिल्लीस जावे लागले. ह्या धामधुमीत देवगिरीचा गोपाळ नायक हा गवईही दिल्लीला गेला, अशी परंपरा आहे. तो दंतकथेतला नुसता नामधारी नव्हे. पंधराव्या शतकात 'रत्नाकरा'वर टीका लिहिणारा कल्लिनाथ त्याचा उल्लेख करतो.

आता ती गोष्ट. गोपाळ नायकाचे बाराशे शिष्य होते आणि ते त्याचे आसन खांद्यावर वाहून नेत, असे सांगतात. सुलतानाने त्याला गायला बोलावले. त्याच्यासमोर बसायला दरबारातला अमीर खुस्रो कचरला असावा. त्याने सुलतानाला विनवले आणि तो सिंहासनाखाली लपून बसला. सहा बैठका झाल्या. सहाही बैठका गोपाळ वर दरबाराला गाऊन दाखवीत होता आणि खाली अंधारात एक माणूस श्वास रोखून ऐकत होता. सातव्या दिवशी खुस्रो उघड दरबारात आला. म्हणाला, तुम्हीच आधी गा, मला ह्या देशीच्या गाण्यात गती ती काय! गोपाळ जे जे गायला ते ते खुस्रोने आपले म्हणून गाऊन दाखवले आणि गोपाळ थक्क झाला.

गोष्ट सुरेख आहे. पण ती सांगतो कोण? ती आपल्यापर्यंत येते मुख्यतः फकीरुल्लाच्या 'रागदर्पणा'तून. हा औरंगजेबाच्या पदरचा सरदार. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या 'मानकुतूहल' ग्रंथाचा फारसी अनुवाद करताना त्याने त्यात आपली भर घातली, ती १६६६ च्या सुमारास. म्हणजे त्या दरबारानंतर साडेतीनशे वर्षांनी. शिवाय अशीच गोष्ट पुढे ग्वाल्हेरला पुन्हा भेटते. तिथे हद्दूखाँ-हस्सूखाँ पडद्याआड बसून बडे महंमदखाँची तान उचलतात, असे सांगतात. इतिहासाच्या तराजूत ह्या गोष्टी हलक्याच भरतात.

मग त्या टाकून द्यायच्या काय? मला तसे वाटत नाही. एकच गोष्ट गवयांच्या पिढ्या पुन्हा पुन्हा सांगतात, तेव्हा घटना खरी नसली तरी अनुभव खरा असतो. ज्या विद्येला कागद नव्हता, जी केवळ कानाने एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची, तिच्यात नीट ऐकणे हीच मोठी कमाई होती. आणि आपले कोणी इतके नीट ऐकील ही मोठी भीतीही होती. शार्ङ्गदेवाने 'अनुकार' म्हणून ज्याची जात सांगितली, त्याचीच ही कथा.

लोक ती जिंकल्या-हरल्याची म्हणून सांगतात. कोणी खुस्रोची चतुराई वाखाणतो, कोणाला गोपाळाचा कळवळा येतो. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घोळतो: ह्या दोघांना म्हातारपणी कोणी विचारले असते की आठवणीतली मैफल कोणती, तर ते काय सांगते? गोपाळाचे उत्तर कोणी टिपून ठेवलेले नाही. राज्य गेलेल्या गावच्या गवयाला कोण विचारतो! खुस्रोचे मन मात्र थोडेसे कळते. १३१८ साली लिहिलेल्या 'नुह सिपिहर' काव्यात तो हिंदुस्थानच्या गाण्याचा गौरव करतो. हे गाणे काळीज आणि प्राण जाळणारी आग आहे, परका माणूस तीस-चाळीस वर्षे इथे राहिला तरी त्याला इथली एक चीज धड म्हणता येत नाही, ह्या गाण्याने रानातली हरणेही भारून जातात, अशा आशयाचे तो लिहितो. त्यात गोपाळाचे नाव नाही; पण जिंकलेल्या माणसाची ही भाषा नव्हे. असे लिहायला आधी कुठेतरी आपल्या काळजाला आच लागलेली असावी लागते.

देवगिरीचे गाणे दिल्लीला गेले म्हणावे, तर १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीच देवगिरीला आणली. आणि १३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे आला तेव्हा त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. दौलताबादेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार होता. त्याचे नाव तरबाबाद, म्हणजे आनंदाची पेठ. दुकानादुकानांतून गालिचे, मधोमध झोपाळा, त्यावर नटूनथटून बसलेली गायिका. बाजाराच्या मध्यावर सजवलेला एक मोठा घुमट. दर गुरुवारी तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर गायकांचा मुखिया तिथे येऊन बसे. गायिकांचे ताफे पाळीपाळीने येऊन गात, नाचत. संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली की तो उठून जाई. एक हिंदू राजा ह्या बाजारातून जाताना त्या घुमटाशी उतरून गाणे ऐकत असे, आणि एका सुलतानानेही तसेच केले, असे त्याच्या कानी आले होते.

राज्ये बदलली, तख्ते हलली, पण ऐकायला बसण्याची जागा तीच राहिली! जवळच्या खुलदाबादेतही ह्याच काळात बुऱ्हानुद्दीन गरीब ह्या चिश्ती संताभोवती समाच्या बैठकी होत. तो १३३७ साली वारला. आणि त्याच खुलदाबादेच्या मातीत अमीर हसन सिज्झी निजला आहे, खुस्रोचा जिवलग स्नेही, त्याच्यासारखाच कवी आणि निजामुद्दीन अवलियाचा शिष्य. देवगिरीचा गवई दिल्लीला गेला आणि खुस्रोचा मित्र देवगिरीच्या छायेत येऊन विसावला. इतिहास कधी कधी असा हिशेब चुकता करतो.

तो घुमट आज नाही. अलीकडच्या काळात वेरूळच्या कैलास लेण्यापाशी संगीताचा महोत्सव भरू लागला, पुढे तो शहरात सोनेरी महालासमोर आला. तिथे नावाजलेले कलावंत व्यासपीठावर असतात. पण समोरच्या गर्दीत, अंधाऱ्या बाजूला, एखादा शिकाऊ पोरगा गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेला असतो, आणि उद्याची आठवण त्याच्यापाशी तयार होत असते. पन्नास वर्षांनी कोणी विचारील तेव्हा तो डोळे मिटील आणि आजच्या गवयाचे नाव घेईल.

सकाळच्या रागांत 'देवगिरी बिलावल' नावाचा एक राग आहे; जाणते गवई तो आजही गातात. दिवाळीच्या एखाद्या प्रसन्न प्रभाती तो कानी पडला, तर फराळाचे ताट घटकाभर बाजूला सारावे. गोपाळ नायकाचा गळा आता कोणालाच ऐकता येणार नाही. पण सिंहासनाखालच्या त्या श्रोत्यासारखे, श्वास रोखून, ऐकता मात्र आपल्यालाही येईल.