कामगार-आरोग्य आणि कारखान्यांतील आपत्कालीन सज्जता

कामामुळे कामगाराच्या शरीराला होणारी इजा व जडणारे आजार टाळणे, आणि आग, स्फोट, वायुगळती असे संकट ओढवल्यास माणसे वाचवण्याची तयारी आधीच करून ठेवणे, असे या विषयाचे दोन भाग पडतात. कारखान्याच्या दप्तरात त्यांच्या फायली वेगळ्या असतात : आजार डॉक्टरांकडे, आग सुरक्षा अधिकाऱ्याकडे. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघते. ज्या गॅस्केटमधून रोज थोडी वाफ सुटते आणि ऑपरेटरला खोकला लावते, तेच एखाद्या रात्रपाळीत फाटले की भोंगा वाजवावा लागतो. खोकल्याची तक्रार वेळेवर ऐकली गेली तर पुष्कळदा भोंग्यापर्यंत वेळ येत नाही. ही नोंद भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्रातील, अनुभवावर भर देऊन केली आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील बिसिनोसिस हे संथ हानीचे ठळक उदाहरण. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापूस पिंजताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की हा रोग होतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत त्रास ओसरतो. त्यामुळे सुरुवातीला कामगाराला वाटते, ‘सवय झाली की बरे वाटते.’ पुढे हा त्रास रोजचा होतो आणि फुप्फुसांचे नुकसान भरून येत नाही. छातीच्या फोटोत यासाठी खास असे काही दिसतेच असे नाही. निदान होते ते रुग्णाला ‘कोणत्या खात्यात काम करता आणि कोणत्या वारी जास्त त्रास होतो?’ असे विचारल्यावर. हा प्रश्न न विचारता विडीचा खोकला म्हणून औषध देणे सोपे असते. सिलिकोसिसचेही तसेच. दगडखाणी, क्रशर, काचकाम आणि कोल्हापूरसारख्या गावांतल्या फाउंड्रीतील वाळूकाम यांत स्फटिकी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. या रोगावर उपाय नाही. लक्षणे क्षयासारखी असल्याने रुग्ण क्षयाच्या गोळ्या घेत राहतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय जडण्याचा धोकाही अधिक, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत असे 29 आजार नोंदले होते. शिसे, पारा व बेंझीन यांची विषबाधा, ॲस्बेस्टॉसिस, गोंगाटाने येणारा बहिरेपणा, फॉस्जीन व आयसोसायनेट यांची बाधा हे त्यांपैकी काही. यांपैकी एखादा आजार आढळल्यास व्यवस्थापनाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही तो अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले गेले. व्यवहारात कळवणारे डॉक्टर फार थोडे. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरवला, आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदी नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतरची असेल तोवर जपण्याचा आदेश दिला. ॲस्बेस्टॉसिस धूळ छातीत गेल्यानंतर कित्येक दशकांनी उघड होतो, हे त्यामागचे कारण.

उपायांचा क्रम शास्त्राने ठरवून दिला आहे. आधी घातक पदार्थच बदलावा. ते शक्य नसेल तर यंत्र बंदिस्त करावे, धूळ पाण्याने बसवावी किंवा शोषून घ्यावी. मग कामाच्या पाळ्या आणि पद्धत बदलावी. मास्क, हातमोजे, कानाचे प्लग हे सर्वांत शेवटी. आपल्याकडे खरेदी बरोबर उलट्या क्रमाने होते, कारण मास्कचे बिल लहान असते आणि फोटोत तो दिसतो.

मुंबईच्या इतिहासातील सर्वांत मोठी औद्योगिक दुर्घटना गोदीतली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि त्यांच्यासोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. एरवी हा माल कोणी एकत्र भरला नसता; युद्धकाळाची घाई होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला स्फोट झाला तो चार वाजून गेल्यावर. मधले दोन तास बंबवाले गाठींवर पाणी मारत होते, आणि जहाज बाहेर समुद्रात न्यावे की तेथेच बुडवावे, हे ठरत नव्हते. निर्णय कोणी घ्यायचा हेच आधी ठरलेले नव्हते. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. आजच्या प्रत्येक आपत्कालीन योजनेत घटनास्थळ नियंत्रक आणि मुख्य नियंत्रक यांची नावे, तसेच ते हजर नसल्यास कोण, हे लिहावे लागते. त्यामागे अशाच वाया गेलेल्या तासांचा अनुभव आहे.

भोपाळची वायुगळती (2–3 डिसेंबर 1984) या विषयाच्या भारतीय इतिहासाचे दोन भाग करते. त्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातील टाकी क्र. 610 मध्ये पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपात बाहेर पडले. शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळणारी ज्योत-चिमणी दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेली होती, आणि वायू धुणारा स्क्रबर राखीव स्थितीत ठेवलेला होता. त्याआधी डिसेंबर 1981 मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनमुळे एक कामगार दगावला होता, आणि राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने 1982 पासून धोक्याबद्दल लिहिले होते. वस्तीसाठीचा भोंगा सुरू करून थोड्याच वेळात बंद केला गेला. लोक वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वायूबरोबरच, धावले. तोंडावर ओले फडके धरले तरी काही अंशी बचाव होतो, एवढेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांपुढे रुग्णांची रीघ लागली तेव्हा हा वायू कोणता आणि उपचार काय, याची पक्की माहिती त्यांच्याकडे नव्हती.

1986 चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात घातलेले घातक प्रक्रियांचे प्रकरण, 1989 चे घातक रसायनांच्या निर्मिती-साठवण-आयातीचे नियम, 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आणि 1996 चे रासायनिक अपघात नियम एकापाठोपाठ एक वाचले, तर त्या रात्रीच्या चुकांची यादीच हाती लागते. धोक्यांची माहिती कामगारांना, अधिकाऱ्यांना व शेजारच्या वस्तीला देणे कलम 41-ब ने सक्तीचे केले. 41-ग ने सुरक्षा समितीत कामगारांना जागा दिली. 41-ह ने नजीकचा धोका दिसल्यास व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क दिला. कायद्याच्या भाषेत हा हक्क छान दिसतो, पण तो वापरणाऱ्या कंत्राटी हेल्परचा गेटपास दुसऱ्या दिवशी चालेल की नाही, हे त्या कलमात लिहिलेले नाही.

1989 च्या नियमांनुसार कारखान्याच्या आवारातील योजना भोगवटादाराने करायची आणि तिचा सराव, म्हणजे मॉक ड्रिल, दर सहा महिन्यांनी घ्यायचा. आवाराबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाची, तिचा सराव वर्षातून एकदा. महाराष्ट्रात यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख असते. योजनेत असते ते थोडक्यात असे : कोणते रसायन किती साठले आहे, गळती झाल्यास ती किती दूर पोचेल, भोंग्याचे प्रकार, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंड सॉकच्या जागा, बाहेर पडण्याचे मार्ग, एकत्र जमण्याचे असेंब्ली पॉइंट, रुग्णालयाशी ठरलेली व्यवस्था. असेंब्ली पॉइंट किमान दोन लागतात, कारण वारा कुठून वाहील ते आधी सांगता येत नाही. वाऱ्याच्या खालच्या बाजूला असलेल्या ठिकाणी माणसे जमवणे म्हणजे त्यांना वायूच्या वाटेत उभे करणे.

सराव खरा की दिखाऊ, हे डोकी मोजताना कळते. कायम कामगारांची हजेरी संगणकावर असते, ती मिनिटात निघते. ठेकेदाराच्या माणसांचे मस्टर त्याच्या सुपरवायझरच्या खिशात, माल उतरवायला आलेल्या ट्रकचा क्लीनर कुठल्याच यादीत नाही, आणि कँटीनमधली पोरे ‘आम्हाला पण यायचं का?’ असे विचारत दारात उभी. मोजणी जुळली नाही की आत कोणी अडकले असे समजून शोधपथक आत पाठवावे लागते. चुकीची यादी अशी वाचवणाऱ्यांच्याही जिवावर बेतते. सराव सकाळी दहाला, साहेब हजर असताना घेण्याची प्रथा आहे. भोपाळची गळती मध्यरात्रीची होती, आणि 7 मे 2020 ची विशाखापट्टणमची स्टायरीन गळती पहाटे तीनच्या सुमारासची. विशाखापट्टणमलाही धोक्याचा भोंगा वाजला नाही.

सर्वांत जास्त फसवे काम बंदिस्त जागेतले : टाकी, मॅनहोल, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा (ईटीपी) खड्डा. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग इतके प्रमाण झाले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा घटनांत मृतांमध्ये मदतीला धावलेलेच अनेकदा जास्त असतात. म्हणून नियम असा : आत येणाऱ्या सर्व लाइन्सना ब्लँक मारायचा, विजेला कुलूप लावून चावी उतरणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची, हवा खेळती करून ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर असल्याची मीटरवर खात्री करायची, वर्क परमिटवर वेळ लिहायची, कमरेला हार्नेस व दोर, आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा. त्या माणसाने काहीही झाले तरी स्वतः उतरायचे नाही, दोर ओढायचा आणि ओरडायचे. आतला कोसळलेला सहकारी हा बहुधा गाववाला किंवा नातलग असतो, म्हणून ही सूचना पाळणे सर्वांत अवघड आणि तिचा सराव सर्वांत आवश्यक.

एकट्या कारखान्याचे बळ अपुरे पडते, हे ओळखून औद्योगिक पट्ट्यांत परस्पर मदत गट उभे राहिले. फोम, श्वसनसंच, क्लोरीन गळती रोखण्याचे किट कोणाकडे किती आहे याची यादी सर्वांकडे असते. संकटात स्पर्धक कंपनीचा बंबही धावून येतो. वस्तीशी नाते मात्र अजून नीट जुळलेले नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटून रस्त्यावरचे आणि घरातले लोक जखमी झाले. दोष कारखान्याचा की त्याला खेटून वाढलेल्या वस्तीचा, हा वाद तेथे जुना आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिने कारखाने अधिनियमासह 13 कायदे एकत्र केले, आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती 1,000 ऐवजी 500 कामगारांवर, घातक प्रक्रियेत 250 वर आणली. त्याच वेळी वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या 1948 च्या कायद्यातील 10 कामगारांवरून 20 वर नेली. वसाहतींच्या मागच्या गल्लीतील ड्रम धुणारे, प्लेटिंगचे आणि सॉल्व्हंट गाळणारे गाळे बहुतेक याच दोन आकड्यांच्या मधले असतात.