आभाळातून पडलेलं कडं



२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची रात्र. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सामूहिक जेवणाचा स्वयंपाक चालला होता. तेवढ्यात आभाळ लाल झालं आणि गावातल्या मोकळ्या जागेत धातूचं एक कडं धाडकन आदळलं. बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठं, चाळीस किलोंहून जड! पुढे पवनपारला धातूचा गोळाही सापडला.

हे कुणाचं? आभाळातून ते किती वाजता आणि कुठून कुठे गेलं, हे लोकांनी पाहिलं होतं. अंतराळातून त्या सुमारास काय खाली येणार होतं, याच्याशी तज्ज्ञांनी ते ताडून पाहिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा हा भाग असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. इस्रोचे शास्त्रज्ञही तपासणीला आले.

आता मंगळाचं बघा. तिथे पाहणारं कुणीच नाही. यान उतरताना उष्णतेपासून वाचवणारं कवच आणि पॅराशूट वाटेत टाकून देतं. ते कुठे पडलं, हे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोंतून शोधतात. २००६ पासून तिथे फिरणाऱ्या अमेरिकी यानाचा कॅमेरा सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरून फोटो काढतो. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण एक फूट. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवायचे. नवीन काय दिसतं, ते हेरायचं.

ब्रिटनचं बीगल-२ हे यान २५ डिसेंबर २००३ ला मंगळावर उतरणार होतं. पण त्याचा आवाजच आला नाही. आदळून फुटलं असेल, असं अनेकांना वाटलं. जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं, की ते फोटोंत सापडलंय, आणि धडपणे उतरलेलं! सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या त्याच्या सगळ्या पाकळ्या उघडल्या नसाव्यात, आणि संदेश पाठवणारा अँटेना त्यांच्याखालीच अडकला. अकरा वर्षांनी त्याच्यावरचा ठपका पुसला गेला.

मैत्रिणींनो, एप्रिलात आपण पहाटेच मोह वेचायला जंगलात जातो. असं काही दिसलं तर हात लावू नका. टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलांना लांब ठेवा. पडताना दिसलं तर वेळ आणि दिशा लक्षात ठेवा, आणि लगेच पोलीस पाटलांना कळवा. मंगळावर फोटो साक्ष देतो. इथे तुम्ही पाहिलेलंच कामी येतं.