दीर्घिकासमूहांचें वजन

मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून देवळाली कॅम्पास वायुभारमापक आणला, तर त्यांतील पारा जवळजवळ दोन इंच खालीं उतरतो. माथ्यावरील हवेचा थर कमी झाला, म्हणजे खालच्या हवेस तोलावयाचें ओझेंही कमी होतें. पास्कलच्या सूचनेवरून पेरिए यानें १६४८ सालीं फ्रान्समधील एका डोंगरावर पारा नेऊन हें दाखविलें. याच न्यायानें ज्योतिर्विद आज दीर्घिकासमूहांचें, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या शेंकडों तारकासंघांच्या कुटुंबांचें, वजन करतात, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल.

१९३३ सालीं झ्विकी यास कोमा समूहांतील दीर्घिका इतक्या वेगानें धांवतांना आढळल्या कीं, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आकर्षणानें त्या एकत्र राहूंच नयेत. १९७० च्या अखेरीस सोडलेल्या उहुरू उपग्रहास असे समूह क्ष-किरण फेंकतांना दिसले. दीर्घिकांमधील पोकळींत कोट्यवधि अंश तापलेला विरळ वायु भरलेला आहे, असें त्यावरून कळलें. तो उधळून जात नाहीं, कारण अदृश्य द्रव्याचें आकर्षण त्यास आवरून धरतें. तेव्हां वायूची घनता आणि त्याचा दाब केंद्रापासून बाहेर कसा उतरत जातो हें समजलें, कीं समूहाचें वजन निघतें. २०१० सालीं आर्नो व त्यांचे सहकारी यांनीं ३३ समूह तपासून या उताराचें सामान्य सूत्र बसविलें. मात्र बाहेरच्या कडेसाठीं त्यांना गणकयंत्रांवर रचलेल्या समूहांचा आधार घ्यावा लागला.

येथेंच खरी मेख आहे. या हिशेबांत वायु शांत आहे असें गृहीत धरतात. त्यांत वारे वाहत असतील, तर कांहीं ओझें तेही उचलतात, आणि दाबावरून काढलेलें वजन कमी भरतें. २०१६ सालीं हितोमी या जपानी उपग्रहानें पर्सियस समूहाचा गाभा पाहिला, तेव्हां तेथील खळबळीचा दाब औष्णिक दाबाच्या अवघा ४ टक्के निघाला. त्यानंतर लौकरच तो उपग्रह निकामी झाला.

परंतु कडेची गोष्ट निराळी. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे जॉयदीप बागची व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं आबेल ३३७६ या समूहाभोंवतीं रेडिओलहरींचीं प्रचंड कडीं उजेडांत आणलीं. वायूंत उठलेल्या आघातलहरींची ती खूण होय. नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगांवाजवळ, खोडद येथील दुर्बिणीनेंही पुढें त्यांचा अभ्यास झाला.

वादळी दिवशीं पाऱ्यावरून देवळालीची उंची काढूं गेल्यास ती चुकते. समूहांच्या वजनावरून विश्वांतील एकूण द्रव्याचा हिशेब मांडला जातो. तो आंकडा ऐकतांना, वजन करणाऱ्यानें वारा किती धरला आहे, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक सुशिक्षित वाचकास आहे.