गाव सुटलं तरी विचारपूस सुटू नये

मंडळी, पोटासाठी बाहेर पडलेलं एखादं माणूस आज वैरागच्या बहुतेक घरांत निघेल. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी परदेशात. त्याच्या पगाराची चौकशी आपण करतो, मनाची करत नाही. म्हणून आज स्थलांतरिताच्या मनाचा इतिहास पाहू.

सुरुवात गिरमिटापासून करू. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीय मजूर करारावर फिजीला नेले गेले. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका, असा नियम होता. मग घरं उभी राहणार कशी? १९१५ मध्ये चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन तिथं पाहणीला गेले. या मजुरांत आत्महत्यांचं प्रमाण मायदेशापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे त्यांनी १९१६ च्या अहवालात मांडलं. १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही रद्द झाले.

आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. पण माणसाचे समाजाशी असलेले बंध विरले की धोका वाढतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं.

आता मुंबईचं गिरणगाव बघा. घाटावरचा, कोकणातला गडी तिथं एकटा जायचा, पण गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा. पाळ्या बदलत तीच जागा दोघं-तिघं झोपायला वापरायचे. हाल होतेच. तरी गावाचं मंडळ होतं, भजन होतं, आणि जेवला नाही तर 'का रे?' म्हणणारी खाणावळवाली मावशी होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तशी ही वीणही उसवली.

आजचा आपला पोरगा भाड्याच्या खोलीत एकटा असतो. गावाकडं हप्ते, तिकडं नोकरीची धास्ती. 'बरं चाललंय' एवढंच तो फोनवर बोलतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं एक मोठी गोष्ट केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरून त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे, असं ठरवलं. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही, फुकट बोलता येतं. हा नंबर घरातल्या प्रत्येकाकडं असू द्या.

आम्ही आयुष्यभर 'मी कोण?' हा प्रश्न शिकवला. 'तू कसा आहेस?' हा प्रश्न आम्हालाही उशिराच सुचला. आज रात्री फोन लावाल तेव्हा पगाराच्या आधी तो विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.