लाखोळीची डाळ आणि मेंदूचं कुलूप

मंडळी, आजचा विषय मेंदूचा असला तरी सुरुवात मी लाखोळीच्या डाळीपासून करणार आहे. यवतमाळच्या थोरामोठ्यांना हे नाव नवं नाही. चंद्रपूर, भंडाऱ्याकडे धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात. पाऊस फिरला तरी ती तग धरते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते. पण महिनोन्महिने तीच खाल्ली, की काहींचे पाय कायमचे ताठरतात. १८३० च्या सुमारास सागर भागात असं घडल्याचं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला.

१९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी या बियांतलं विष वेगळं काढलं. त्याला ओडॅप म्हणतात. त्याची घडण ग्लुटामेटसारखी. ग्लुटामेट हा आपल्याच मेंदूतला निरोप्या. पेशीवरच्या कुलपात तो किल्लीसारखा बसतो. ओडॅप म्हणजे बनावट किल्ली! कुलूप उघडंच राहिलं, तर पेशी उत्तेजनानेच मरते. खुद्द ग्लुटामेटही जास्त झाला तर असंच करतो, हे अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांवर दाखवलं.

आता लकव्याकडे या. रक्ताची गुठळी अडकली की पेशींचा प्राणवायू तुटतो, ग्लुटामेट बाहेर सांडतो, कॅल्शियम आत घुसतं. मग कुलपावर बोट ठेवलं तर? १९८४ मध्ये सायमन, मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी उंदरांत असं औषध वापरलं आणि पेशी वाचल्या. केवढी आशा निर्माण झाली!

माणसांत मात्र ती टिकली नाही. सेल्फोटेल आणि ॲप्टिगॅनेल यांच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. सेल्फोटेलने रुग्णांना भास होत, ते बरळत. गॅव्हेस्टिनेल तर सहा तासांच्या आत देऊनही उपयोगी ठरलं नाही. का? एक कारण वेळेचं. ग्लुटामेटचा लोंढा पहिल्या काही मिनिटांतच येतो. प्रयोगशाळेत औषध आधी किंवा लगेच देता येतं, माणूस मात्र दवाखान्यात पोचतो तासांनी. दुसरं असं, की हीच कुलपं शिकायला, आठवायला, विचार करायला लागतात. सगळी बंद करून कसं चालेल?

म्हणजे सारं वाया गेलं का? नाही. याच कुळातलं, पण सौम्य पकडीचं मेमँटिन आज स्मृतिभ्रंशात देतात. आणि लकव्यात? गुठळी विरघळवणारं औषध. १९९५ मध्ये त्याची मुदत तीन तास ठरली, २००८ नंतर ती साडेचार तासांवर गेली. त्याआधी सीटी स्कॅनही व्हायला हवा.

उमरखेड किंवा झरी जामणीच्या माणसासाठी हे साडेचार तास रस्त्यातच सरतात. म्हणून तोंड वाकडं झालं, हात पडला, बोली अडखळली, तर लेप-मालिश करत सकाळची वाट पाहू नका; तसेच निघा. कुलूप बंद करणारं औषध अजून आपल्या हाती नाही. घड्याळ आहे.