रेडॉनमापन, घरगुती
घरातील हवेत साठणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे प्रमाण ठरविण्याचे तंत्र. युरेनियमाच्या क्षयमालेत रेडियमापासून निर्माण होणारा हा अक्रिय वायू जमिनीतून, पायातील भेगांवाटे घरात शिरतो. त्यास रंग, वास वा चव नसल्याने उपकरणावाचून तो कळत नाही. त्याच्या क्षयातून उत्पन्न होणारी पोलोनियमाची समस्थानिके श्वासावाटे फुप्फुसात जातात व त्यांच्या आल्फा कणांमुळे कर्करोग संभवतो.

जर्मनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांना जडणारा छातीचा विकार हा फुप्फुसाचा कर्करोग होय, असे १८७९ मध्ये दाखविण्यात आले. रेडॉनचा शोध फ्रीड्रिख एर्न्स्ट डोर्न यांनी १९०० मध्ये लावला. तथापि हा प्रश्न दीर्घकाळ मुख्यतः खाणींचाच मानला गेला. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे प्रारणसूचक यंत्र वाजू लागले. केंद्राची व्यापारी वीजनिर्मिती तेव्हा सुरूही झालेली नव्हती. किरणोत्सर्ग त्याच्या स्वतःच्या घरातून आला होता. तेथील हवेत दर लिटरला सु. २,७०० पिकोक्यूरी रेडॉन आढळला. उपाययोजनेसाठी अमेरिकी शासनाने पुढे ठरविलेली पातळी अवघी ४ आहे.

यानंतर घरोघर मापन सुरू झाले, ते मुख्यतः कोळशाच्या डब्या व प्लॅस्टिकच्या फिल्म यांच्या साहाय्याने. आल्फा कणांनी फिल्मवर उमटविलेले माग अल्कलीने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ही पद्धत स्वस्त व भरवशाची आहे; परंतु निष्कर्ष काही महिन्यांनी मिळतो आणि तोही केवळ सरासरीचा. रेडॉन मात्र वायुवीजन, तापमान व हवेचा दाब यांनुसार तासागणिक बदलतो.

अलीकडील स्वस्त इलेक्ट्रॉनीय संवेदकात हवा गाळणीतून लहान कक्षात झिरपते व सिलिकॉन प्रकाश-द्विप्रस्थावर आदळणारे आल्फा कण मोजले जातात. या स्वस्ताईलाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेल्या घ. मी. ला १०० बेकेरेल या पातळीस १०० मिलि. च्या कक्षात तासाला रेडॉनचे सु. ३६ अणूच क्षय पावतात. म्हणून अशा उपकरणाचा तासाभराचा आकडा विश्वसनीय नसतो. काही दिवसांची सरासरी घ्यावी लागते.

वाचने बिनतारी जाळ्यावरून पाठविली जाऊ लागल्यावर वेगळाच धोका उद्भवला. आकडा बदलल्यास कुटुंब अजाणता विषारी हवेत राहते. खिडक्या केव्हा उघडतात, म्हणजेच घरात माणसे केव्हा असतात, हेही वाचनांवरून ताडता येते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने कॅमेरे व रूटर यांत कारखान्यातच घातलेले सामाईक परवलीचे शब्द वापरून असंख्य उपकरणे ताब्यात घेतली होती. २०२० च्या यूरोपीय मानकाने असे सामाईक शब्द निषिद्ध ठरविले. प्रत्येक संवेदकास स्वतंत्र गुप्त किल्ली देणे व वाचने सांकेतिक रूपातच पाठविणे खर्चात फारशी भर न घालता साधते. फिल्मला मात्र यांपैकी कशाचीच गरज भासत नाही व संवेदकांची वाचने पडताळण्यासाठी ती आजही शेजारी ठेवली जाते.