एलेपायो
एलेपायो : हवाई बेटांवरील जंगलांत राहणारा, सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा कीटकभक्षी गाणारा पक्षी. शास्त्रीय प्रजाती चासिएम्पिस, कुळ मोनार्किडी. कौआई, ओआहू आणि हवाई या तीन बेटांवर त्याची एकेक जाती असून, जगात अन्यत्र तो आढळत नाही. २०१० पर्यंत या तिन्ही एकाच जातीच्या उपजाती मानल्या जात. पानांवरचे, सालीवरचे आणि उडते किडे तो टिपतो. शेपटी बहुधा उभारलेली असते.

हवाईत होडी बांधण्याच्या जुन्या प्रथेत या पक्ष्याला स्थान होते. होडीसाठी कोआ वृक्ष तोडल्यावर कारागीर एलेपायोची वाट पाहत. खोडावर बसून तो चोचीने टोचू लागला, तर लाकूड किडलेले समजून सोडून देत. न टोचता खोडावरून तो चालत गेला, तर ते निर्दोष मानत. होडी बांधणाऱ्यांची देवी लेआ याच पक्ष्याच्या रूपाने येऊन कौल देते, अशी श्रद्धा होती. बाहेरून आलेले उंदीर आणि डासांमुळे पसरणारे रोग यांमुळे ओआहूवरील जाती घटली; २००० साली अमेरिकेच्या कायद्यानुसार तिची संकटग्रस्त म्हणून नोंद झाली.